वर्गातले कपाट

आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत पाचवी ते सातवीच्या प्रत्येक वर्गात एक लहानसे पुस्तकांचे कपाट ठेवावे, त्यात पन्नास-साठ पुस्तके असावीत आणि मुलांनी ती आपल्या आवडीने घरी न्यावीत, असे ठरले. पुस्तके निवडण्याच्या कामी एक निवृत्त शिक्षक म्हणून मलाही बोलावण्यात आले. काम आनंदाचे होते. मराठी पुस्तकांविषयी फारसा मतभेद झाला नाही. इंग्रजी पुस्तकांची यादी समोर आली, तेव्हा एका अमेरिकन कादंबरीपुढे मी निःशंक मनाने खूण केली. तिच्या मुखपृष्ठावर एका नामांकित पारितोषिकाची मुद्रा होती आणि लेखिका ख्रिस्ती मिशनरी कुटुंबातील आहे, एवढे मला ठाऊक होते. तेवढ्या पुंजीवर मी निर्णय देऊन मोकळा झालो.

पुढे पालकसभेत एक माता उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात तीच कादंबरी होती आणि तिच्या पाच-सहा पानांचे कोपरे दुमडलेले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "सर, हे पुस्तक तुम्ही वाचले आहे का?" मला खोटे बोलता आले असते, पण समोर माझे जुने विद्यार्थी पालक म्हणून बसले होते. मी म्हणालो, "नाही, बाई. पूर्ण वाचलेले नाही." त्यावर त्याही तितक्याच प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मीसुद्धा दुमडलेली पानेच वाचली आहेत. पण तेवढ्यानेच मला झोप आली नाही."

त्या रात्री घरी येऊन मी ती कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचली. तेव्हापासून मनात जे विचार चालू आहेत, ते येथे मांडत आहे. कारण प्रश्न एका पुस्तकाचा नाही. आपल्या पाल्यांच्या हाती काय द्यावे आणि काय देऊ नये, हे आपण कोणत्या मापाने ठरवतो, हा प्रश्न आहे. आणि हे माप आपण क्वचितच तपासून पाहतो.

प्रथम त्या पुस्तकाविषयी. 'ब्रिज टू टेराबिथिया' ही कॅथरीन पॅटरसन यांची कादंबरी 1977 साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतील बालसाहित्याचे प्रतिष्ठेचे न्यूबेरी पदक मिळाले. लेखिकेचा जन्म 1932 साली चीनमध्ये, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. त्यांनी स्वतः काही वर्षे जपानमध्ये मिशनकार्य केले आणि एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाशी त्यांचा विवाह झाला. 1974 साली त्यांच्या लहान मुलाची जिवलग मैत्रीण वीज पडून मृत्यू पावली. ती अवघी आठ वर्षांची होती. आपल्या मुलाच्या दुःखाला काही आकार देता यावा, या आईच्या धडपडीतून ही कथा जन्मली.

कथा साधी आहे. व्हर्जिनिया राज्यातील एका खेड्यात जेस नावाचा दहा वर्षांचा मुलगा राहतो. घरात दारिद्र्य आहे, चार बहिणी आहेत, वडील कामाने थकून गेलेले आहेत. जेसला चित्रे काढण्याचा छंद आहे आणि तो घरी लपवावा लागतो. शेजारी लेस्ली नावाची मुलगी राहायला येते. तिचे आईवडील लेखक आहेत. घरात पुस्तके भरपूर. पण देवाधर्माचा वास नाही. दोघांची मैत्री जमते. ओढ्यापलीकडच्या रानात, एका दोराला लोंबकळून जाता येईल अशा ठिकाणी, ती दोघे टेराबिथिया नावाचे आपले काल्पनिक राज्य वसवतात. त्या राज्यात जेस राजा असतो आणि त्याला पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असे वाटते. वसंत ऋतूत पाऊस लागतो, ओढा फुगतो. एके दिवशी जेस आपल्या आवडत्या संगीतशिक्षिकेबरोबर वॉशिंग्टनला चित्रसंग्रहालय पाहायला जातो. लेस्लीलाही बरोबर घ्यावे हा विचार त्याच्या मनात डोकावतो. पण तो आनंद त्याला एकट्यालाच हवा असतो. संध्याकाळी घरी परततो, तेव्हा कळते की लेस्ली एकटीच ओढा ओलांडायला गेली, दोर तुटला आणि ती मरण पावली.

उरलेली पाने त्या मुलाच्या दुःखाची आहेत. त्याला प्रथम ते खरेच वाटत नाही. मग एक क्षण असा येतो की, आता वर्गात सर्वांत वेगाने धावणारा आपणच, हा विचार त्याला शिवून जातो. तो धाकट्या बहिणीला मारतो. लेस्लीने दिलेले रंग ओढ्यात भिरकावतो. शेवटी तिच्या घरच्या जुन्या फळ्या मागून घेऊन तो ओढ्यावर लहानसा पूल बांधतो आणि ज्या बहिणीवर त्याने हात उगारला होता, तिलाच राणी म्हणून पलीकडे घेऊन जातो.

या कादंबरीवर अमेरिकेत आक्षेप घेणाऱ्या आमच्या सभेतील माता पहिल्याच नव्हत. 1990 ते 1999 या दशकात ज्या पुस्तकांविरुद्ध शाळांत आणि ग्रंथालयांत सर्वाधिक तक्रारी झाल्या, त्यांची यादी अमेरिकन ग्रंथालय संघाने केली आहे. तीत हे पुस्तक पहिल्या दहांत आहे. आक्षेप साधारणतः चार प्रकारचे आहेत आणि दुमडलेली पानेही त्याच चार ठिकाणची होती. मला ते आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाहीत. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप भाषेचा. जेस आणि त्याचे वडील प्रभूचे नाव उठताबसता तोंडी घेतात. प्रार्थनेसाठी नव्हे, वैताग व्यक्त करण्यासाठी. दुसरी आज्ञा पाठ केलेल्या मुलाला ते खटकावे, हे योग्यच आहे. लेखिकेचे म्हणणे असे की, त्या भागातली माणसे अशीच बोलतात आणि खऱ्या माणसांचे चित्र काढणे हे तिचे काम आहे. हे उत्तर अपुरे आहे, असे कुणी म्हणू शकेल. पण आपण आपल्या घराकडेही पाहावे. विहिरीचा पंप बिघडला, वीज गेली, बस चुकली की आपल्या मुखातून काय बाहेर पडते? मुलाने ते पुस्तकातून शिकण्याची वाट पाहिलेली नसते. पुस्तकातला शब्द निदान त्याला दाखवून, त्याविषयी बोलता येते.

दुसरा आक्षेप असा की, त्या रानातल्या राज्यात मुले वृक्षराईच्या अदृश्य शक्तींना उद्देशून प्रार्थना करतात. हे मूर्तिपूजेचे, जादूटोण्याचे शिक्षण होय. मला हा आक्षेप दुबळा वाटतो. भातुकलीतला भात कुणी खात नाही. खेळ आणि श्रद्धा यांतील भेद दहा वर्षांच्या मुलाला कळतो. किंबहुना पुष्कळदा आपल्यापेक्षा त्यालाच अधिक नीट कळतो.

तिसरा आक्षेप मृत्यूचा. इतके दुःख कोवळ्या मनावर का लादावे? येथे मात्र आपण थबकावे, कारण आपणच मुलांना काय काय सांगत आलो आहोत, याची आठवण करून घ्यावी लागते. पवित्र शास्त्राच्या चौथ्याच अध्यायात भाऊ भावाचा खून करतो. नाताळच्या आठवड्यात आपण बेथलेहेममधील निष्पाप बालकांच्या कत्तलीचा सण पाळतो. संत लॉरेन्स यांना जाळीवर भाजल्याची कथा आपण मिटक्या मारीत सांगतो. अकरा वर्षांच्या संत मारिया गोरेट्टीवर 1902 साली काय प्रसंग ओढवला, हे आपण मुलींना प्रवचनातून ऐकवत आलो आहोत. आणि मराठी घरांतील मुलांच्या कित्येक पिढ्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकावर रडल्या आहेत. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाच्या अखेरीस आई मरण पावते आणि श्याम तिच्याजवळ नसतो. त्या रडण्याने मुले बिघडली असे कुणी म्हटलेले मी ऐकले नाही.

तेव्हा पुस्तकात मृत्यू आहे की नाही, ही कसोटी होऊ शकत नाही. मृत्यूपाशी मुलाला नेऊन लेखक पुढे काय करतो, ही कसोटी आहे. काही पुस्तके मुलाला तेथे नेतात आणि निघून जातात. काही पुस्तके त्या मृत्यूकडे बोट दाखवून सांगतात की, अवज्ञा केली म्हणून असे झाले. ही दुसरी तऱ्हा मला पहिलीपेक्षा अधिक क्रूर वाटते. या कादंबरीत लेस्लीच्या मरणाला शिक्षेचे रूप दिलेले नाही. जेसच्या मनात उठणारे हलके विचार लपवलेले नाहीत आणि त्याला त्यांबद्दल झिडकारलेलेही नाही. वर्गातील कठोर म्हणून गाजलेल्या बाई त्याला बाहेर बोलावतात आणि आपले पती वारले तेव्हा लोक आपल्याला विसरायला सांगत होते, पण आपल्याला विसरायचे नव्हते, असे त्याच्याजवळ बोलतात. ज्या शिक्षकाने शोकग्रस्त विद्यार्थ्याला कधी 'आता अभ्यासाकडे लक्ष दे' असे सांगितले असेल, आणि मी ते सांगितले आहे, त्याने हे एक पान दोनदा वाचावे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सभेतल्या त्या मातेची झोप याच पानांनी उडवली होती.

ईस्टरच्या दिवशी लेस्ली हट्टाने जेसच्या कुटुंबाबरोबर चर्चमध्ये जाते. ती प्रथमच येशूची कथा ऐकते आणि ती तिला अतिशय सुंदर वाटते. जेसला मात्र ती कथा ऐकून ऐकून भीतीची झाली आहे. परतीच्या वाटेवर जेसची धाकटी बहीण तिला बजावते की, बायबलवर विश्वास ठेवला नाही तर देव नरकात टाकतो. लेस्लीला हे पटत नाही. देव असा माणसांना नरकात टाकत हिंडत असेल, असे तिला वाटत नाही. पुढे ती मरते आणि मग जेसच्या मनात तो प्रश्न काट्यासारखा सलू लागतो: लेस्ली नरकात गेली असेल का? तो वडिलांना विचारतो. एरवी मुलाशी दोन मायेचे शब्द न बोलणारा तो बाप त्याला सांगतो की, देव लहान मुलींना नरकात पाठवीत नसतो.

त्या माता म्हणाल्या, "सर, आम्ही घरी माळेची प्रार्थना करतो, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवतो, आणि तुमचे पुस्तक सांगते की, श्रद्धा नसलेल्या मुलीलाच येशू अधिक सुंदर दिसतो. माझा मुलगा यातून काय घेईल?"

हा प्रश्न फेटाळता येण्याजोगा नाही. मी तो फेटाळला नाही. परंतु तो ऐकताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी सभेत बोललो नाही, येथे लिहितो.

1963 च्या पावसाळ्यात मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या वाडीला लागून एका वाडवळ कुटुंबाची वाडी होती. त्यांचा माझ्याच वयाचा मुलगा माझा सोबती होता. केळीच्या बागेतून आम्ही एकत्र शाळेत जात असू. नाताळात तो आमच्या घरी गोड खाई आणि गणपतीत मी त्यांच्याकडे मोदक खाई. त्या वर्षी सततच्या पावसाने बावखल काठोकाठ भरले होते. एका दुपारी त्याचा पाय घसरला. मी त्या दिवशी तापाने घरी होतो.

पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मास्तरांना विचारले की, तो आता स्वर्गात आहे ना? मास्तर चांगले गृहस्थ होते. त्यांना जसे शिकवले होते तसे त्यांनी उत्तर दिले. ते म्हणाले, "त्याचा स्नानसंस्कार झाला नव्हता, बाळ." आणि ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. मी घरी कुणाला काही बोललो नाही. कित्येक रात्री माळ म्हणताना, नरकाच्या अग्नीपासून आम्हांला वाचव, ही विनंती आली की माझा आवाज बसत असे. देवावरचा माझा विश्वास उडाला नाही. पण देवाविषयी माझ्या मनात जी भीती बसली, ती निघायला फार वर्षे लागली.

पुढच्याच वर्षी, 1964 च्या नोव्हेंबरमध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ख्रिस्तसभेविषयीची आपली घटना प्रसिद्ध केली. तिच्या सोळाव्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीच्या हाकेनुसार वागतात, त्यांनाही तारण लाभू शकते. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने स्नानसंस्काराविना मरण पावलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या करुणेवर सोपवते, असे सांगून येशूने मुलांना आपल्याजवळ येऊ देण्यास सांगितल्याची आठवण दिली आहे. 2007 साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानेही अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास सबळ आधार आहे, असे प्रतिपादन केले. म्हणजे त्या अशिक्षित अमेरिकन बापाने चिखलात उभे राहून जे एका वाक्यात सांगितले, ते आपल्या धर्माच्या विरुद्ध नाही. ते अपुरे आहे, ओबडधोबड आहे; पण त्याची दिशा खरी आहे. आणि आमच्या मास्तरांनी मला जे सांगितले, ते पाठांतराच्या दृष्टीने अचूक असूनही एका मुलाच्या मनातील देवाचे रूप विद्रूप करणारे होते.

वसईसारख्या भागात राहणाऱ्या आपल्या मुलांना हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्यांच्या बाकावर, त्यांच्या रिक्षात, त्यांच्या इमारतीत बहुसंख्य मित्र अन्य धर्मांचे असतात. 'माझ्या मित्राचे काय होणार?' हा प्रश्न प्रत्येक विचारी मुलाच्या मनात केव्हा ना केव्हा उभा राहतोच. पुस्तकाने तो निर्माण केलेला नाही. पुस्तकाने तो उच्चारला आहे. आणि जो प्रश्न उच्चारला जातो, त्याला उत्तर देता येते. न उच्चारलेला प्रश्न मूल एकटेच घेऊन झोपते.

तरीही त्या मातेच्या म्हणण्यातला एक अंश शिल्लक राहतोच. पुस्तक खरे असले, तरी ते प्रत्येक मुलासाठी, प्रत्येक वेळी योग्य असेलच असे नाही. याविषयी आपली परंपरा काय सांगते?

ती दोन्ही बाजूंनी बोलते. प्रभू येशूने लहानांपैकी एकालाही अडखळायला लावणाऱ्याविषयी जे कठोर उद्गार काढले, जात्याची तळी गळ्यात बांधून समुद्रात बुडवले जाण्याचा जो दाखला दिला, तो मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे. मुलांच्या हाती पुस्तक ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवावा. 'मुले आपोआप शिकतात' असे म्हणून हात झटकणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात गहू आणि निदण यांचा दाखला आहे. निदण उपटण्याची घाई करणाऱ्या सेवकांना धनी थांबवतो, कारण त्या घाईत गहूही उपटला जाईल अशी त्याला भीती असते.

ही भीती निराधार नव्हती, याला आपला इतिहासच साक्षी आहे. ख्रिस्तसभेने 1559 पासून निषिद्ध ग्रंथांची सूची प्रसिद्ध केली आणि ती 1966 पर्यंत अस्तित्वात होती. व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' ही कादंबरी 1864 पासून 1959 पर्यंत त्या सूचीत होती. या कादंबरीत एका चोराने आपल्याच घरातील चांदी पळवली असता त्याला पोलिसांपासून वाचवणारा आणि वर चांदीच्या समयाही देणारा बिशप आहे. क्षमेने माणूस कसा पालटतो, याचे इतके प्रभावी चित्र फार थोड्या लेखकांनी काढले असेल. निषिद्ध ठरवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण निदण वेचताना त्यांच्या हातून केवढा गहू गेला!

चौथ्या शतकात संत बाझिल यांनी तरुणांना उद्देशून ग्रीक वाङ्मयाविषयी एक प्रबंध लिहिला. ते वाङ्मय मूर्तिपूजकांचे होते. ते जाळा, असे त्यांनी सांगितले नाही. मधमाशी जशी सर्वच फुलांवर बसत नाही आणि ज्यावर बसते त्यातलेही सगळे घेत नाही, तसे वाचावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2024 च्या जुलै महिन्यात साहित्याविषयी जे पत्र लिहिले, त्यातही हाच धागा आहे. तरुणपणी, 1964-65 साली, ते आर्जेन्टिनातील एका जेझुइट शाळेत साहित्य शिकवीत असत. मुलांना अभ्यासक्रमातले जुने काव्य नको होते, आधुनिक लेखक हवे होते. त्यांनी मुलांना आवडीचे वाचू दिले आणि हळूहळू मुले जुन्या काव्याकडेही वळली, असा अनुभव त्यांनी सांगितला आहे.

परंतु संत बाझिल तरुणांशी बोलत होते. दहा वर्षांच्या मुलाला कुठल्या फुलात मध आहे हे कसे कळावे? येथेच मोठ्या माणसाचे काम सुरू होते आणि आपल्या सर्व यादींत नेमके तेच गाळलेले असते. आपण पुस्तकांची छाननी करतो, कपाट आणतो, कुलूप आणतो, नोंदवही आणतो. मुलाने पुस्तक मिटल्यावर त्याच्याशी कोण बोलणार, हे मात्र आपण ठरवत नाही. लेस्लीच्या मृत्यूनंतर जेसचा सांभाळ कोणी केला? उपदेशाने तर नाहीच. शोधत ओढ्यापर्यंत आलेल्या बापाने केला, आपले दुःख सांगणाऱ्या बाईंनी केला. ती कादंबरी स्वतःच सांगते की, मुलाला मृत्यूपासून दूर ठेवता येत नाही. त्याच्याजवळ मात्र बसता येते.

आणखी एक भेद स्पष्ट करायला हवा. पाठ्यपुस्तक सक्तीचे असते. वर्गातले कपाट ऐच्छिक असते. 1982 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तके काढून टाकण्याचा एक खटला आला, तेव्हा न्यायाधीशांत एकमत झाले नाही. तथापि हा भेद तेथेही महत्त्वाचा मानला गेला. जे सर्वांनी वाचलेच पाहिजे, त्याविषयी अधिक सावध असणे योग्य. जे हवे त्याने घ्यावे असे आहे, तेथे एका कुटुंबाच्या नकाराने सर्व मुलांचा हात अडवणे न्याय्य नाही. आईवडील हे आपल्या मुलांचे पहिले शिक्षक आहेत, असे ख्रिस्तसभा शिकवते. हा अधिकार मोठा आहे. पण तो आपल्या मुलांपुरता आहे. शेजारच्या घरात कदाचित नुकतेच कुणी वारले असेल आणि तेथल्या मुलाला नेमके हेच पुस्तक हवे असेल, हे मला माझ्या घरातून दिसत नाही.

तेव्हा माप कोणते? मला स्वतःपुरते जे उमगले ते असे. ज्याने निर्णय द्यायचा त्याने पुस्तक पूर्ण वाचावे. मुखपृष्ठावरची मुद्रा पाहून होकार देणे आणि दुमडलेली पाने पाहून नकार देणे, हे दोन्ही सारखेच अन्यायाचे आहे. पुस्तकात पाप आहे का, असे न विचारता, त्यात पापाची चटक आहे का, असे विचारावे. दुःख आहे का, असे न विचारता, त्या दुःखाशी लेखकाने खोटेपणा केला आहे का, असे विचारावे. आणि शेवटी, हे पुस्तक वाचून मूल प्रश्न घेऊन आले, तर उत्तर द्यायला, किंवा उत्तर ठाऊक नसल्यास निदान ऐकून घ्यायला, आपल्यापैकी कोण तेथे असेल, हे नाव घेऊन ठरवावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'कुणीच नाही' असे असेल, तर दोष पुस्तकावर ढकलू नये.

दुसऱ्या सभेत असा निर्णय झाला की, ती कादंबरी पाचवीच्या कपाटातून काढून सातवीच्या कपाटात ठेवावी आणि वर्गशिक्षिकेने ती स्वतः आधी वाचावी. मुद्रा पाहून केलेली माझी खूण मी सर्वांसमक्ष मागे घेतली आणि वाचून झाल्यावर पुन्हा केली. काही पालक समाधानी झाले, काही झाले नाहीत.

त्या माता सभेनंतर माझ्याकडे आल्या. त्यांनी पुस्तक पंधरा दिवस घरी नेले होते. त्या म्हणाल्या, "मी पूर्ण वाचले, सर. ते ईस्टरचे पान मला अजूनही पटत नाही. माझ्या मुलाच्या हाती मी ते एकट्याने वाचायला देणार नाही. मी त्याला वाचून दाखवीन, आणि त्या पानावर थांबेन."

मी चाळीस वर्षे मुलांना शिकवले. पण याहून चांगला निर्णय मला सुचला नसता. 1963 च्या त्या रविवारी माझ्यासाठी कुणी त्या पानावर थांबले असते, तर किती बरे झाले असते!